गंगेवर बाजार कसा भरतो? अर्थविचाराच्या मूळ संकल्पना आणि आपलं नाशिकचं बोलणं

गोदातीर (धागाकर्ती)

मी मराठी शिकवते, एम. ए. आणि सेटच्या (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या) मुलांना. अर्थविचाराच्या, म्हणजे शब्दाला आणि वाक्याला अर्थ कसा येतो त्याच्या, तासाला दरवर्षी एकच गोष्ट खटकते. अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ देणारी शक्ती), लक्षणा (सरळ अर्थ बसत नाही तेव्हा त्याच्याशी जोडलेला अर्थ देणारी) आणि व्यंजना (न बोललेलं सुचवणारी) यांच्या व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात, पण उदाहरण विचारलं की पुस्तकातलंच देतात. तीच मुलं तास संपला की घरी फोन करतात, "आज बुधवार आहे ना, येताना गंगेवरून भाजी आणतो." लक्षणेचं इतकं देखणं उदाहरण तोंडात असतं, पण ते उदाहरण आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून हा धागा काढतेय. व्याख्या कमी, आपलं बोलणं जास्त.

आधी 'गंगा' हाच शब्द घेऊ. नाशिककर गंगा म्हणतो तेव्हा तो गोदावरीबद्दल बोलत असतो. उत्तरेतली सांगायची झाली तर "काशीची गंगा" असं फोड करून सांगावं लागतं. म्हणजे शब्द एक आणि तो बोट दाखवतो दोन नद्यांकडे. उलट बाजूनं पाहा: गोदावरी, गोदा, गौतमी, दक्षिणगंगा आणि आपली नुसती गंगा, इतके शब्द आणि नदी एकच. मग या सगळ्यांचा अर्थ एकच म्हणायचा का? नदी एकच असली तरी 'गौतमी' म्हणताना गौतम ऋषींची कथा सोबत येते आणि 'दक्षिणगंगा' म्हणताना उत्तरेतल्या गंगेशी नातं जोडलं जातं. आपण एकाच जागी पोचतो, पण वेगवेगळ्या वाटांनी.

गोटलोब फ्रेगे या जर्मन गणितज्ञानं १८९२ साली नेमका हाच मुद्दा मांडला. त्याचं उदाहरण शुक्राचं. "पहाटेचा तारा म्हणजे पहाटेचा तारा" या वाक्यानं कुणाच्या ज्ञानात काही भर पडत नाही. "पहाटेचा तारा म्हणजेच संध्याकाळचा तारा" हे मात्र माणसाला आकाश बघून शोधून काढावं लागलं. दोन्ही नावांनी दाखवलेली वस्तू एकच, शुक्र. तरी एक वाक्य पोकळ आणि दुसरं बातमी. तेव्हा शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवतो तो त्याचा *निर्देश*, आणि ती वस्तू तो ज्या रीतीनं समोर ठेवतो तो त्याचा *आशय*; या दोन गोष्टी निराळ्या. मी वर्गात आणखी एक उदाहरण देते: "नाशिकचा समुद्रकिनारा". आशय लख्ख कळतो, निर्देश काहीच नाही. 'अर्थ म्हणजे वस्तू' असं धरून चालणाऱ्याला हा शब्दगट निरर्थक म्हणावा लागेल, आणि तो निरर्थक तर अजिबात नाही.

दुसरी गोष्ट कांद्याची. लासलगावचा किंवा पिंपळगावचा बाजारभाव वाचलात तर 'लाल' आणि 'उन्हाळ' असे दोन वेगळे भाव दिसतात. उन्हाळ कांदाही रंगानं तांबूसच असतो. मग 'लाल' म्हणजे काय? जो फार टिकत नाही, चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) घालता येत नाही, खरिपात आणि त्यानंतर निघतो तो. उन्हाळ कांदा चाळीत साठवून दिवाळीपर्यंतही बाजारात येत असतो, तेव्हा त्याला उन्हाळ म्हणताना कुणी बाहेरचं ऊन बघत नाही. 'लाल' हा शब्द रंग सांगण्यापेक्षा "उन्हाळ नव्हे तो" हे सांगतो. ज्या गावात खरीप आणि उन्हाळ यांच्या मधल्या कांद्याला 'रांगडा' हा तिसरा शब्दही चालतो तिथं 'लाल'ची हद्द लगेच आक्रसते. फेर्दिनां द सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाची जिनिव्हातली व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, पुस्तकरूपानं आली. शब्दाला मूल्य मिळतं ते शेजारच्या शब्दांमुळे, हे त्यातलं मध्यवर्ती सूत्र. सोस्यूर समजवायला मला कांद्याच्या लिलावाइतकं चांगलं काही सापडलेलं नाही.

आता बाजार. संस्कृत अलंकारशास्त्रात लक्षणेचं ठरलेलं उदाहरण आहे 'गङ्गायां घोषः', गंगेत गवळ्यांची वस्ती. प्रवाहात वस्ती असूच शकत नाही, म्हणजे शब्दाच्या मुख्य अर्थाला बाध येतो. मग त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घ्यायचा, गंगेचा काठ. ही लक्षणा. पण मग बोलणाऱ्यानं सरळ 'काठावर' का म्हटलं नाही? कारण 'गंगेत' म्हटल्यानं गारवा आणि पावित्र्य मनात उभं राहतं. ही व्यंजना. नवव्या शतकातला आनंदवर्धन आणि अकराव्या शतकातला मम्मट, या शास्त्राचे दोन आचार्य, दोघेही काश्मीरचे. त्या परंपरेत पिढ्यान् पिढ्या घोळलेलं हे उदाहरण आपण नाशिककर दर बुधवारी जगतो. "गंगेवर बाजार भरतो."

शेवटची गोष्ट, माझी सगळ्यात आवडती. दुतोंड्या मारुती, गोदेच्या पात्रातली ती उंच मूर्ती, जिच्यावरून नाशिककर पुराचं पाणी मोजतो. पावसाळ्यात कुणी सांगितलं, "मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय," की आपण काय समजतो? कमरेपर्यंत आहे, छातीपर्यंत नाही. पण वाक्यात 'छातीपर्यंत नाही' असं कुठं आहे? पाणी गळ्याशी असलं तर ते कमरेपर्यंतही आहेच, तेव्हा वाक्य खोटं ठरत नाही. तरी गळ्याशी पाणी असताना कुणी 'कमरेला लागलंय' म्हणाला, तर आपण त्याच्यावर चिडू आणि आपलं चिडणं योग्यच असेल. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञानं १९६७ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत याची उकल केली. बोलणारा आपल्याला लागेल तेवढी माहिती देतोय, हातचं राखत नाही, हे ऐकणारा धरून चालतो. छातीपर्यंत असतं तर त्यानं छाती म्हटलं असतं. तसं म्हटलं नाही, म्हणजे नाही. हा *सूचितार्थ*. तो शब्दांत नसतो, संभाषणाच्या विश्वासात असतो.

आणि पुढं बघा. "छातीला लागलं" हे एकच वाक्य भांडी बाजारातल्या दुकानदाराला सांगतं, माल वर उचला. आईला सांगतं, पोराला घाटाकडे सोडू नका. मम्मटानं 'सूर्य मावळला' या वाक्याबद्दल हेच दाखवलंय: शत्रूवर चालून जाणाऱ्याला एक कळतं, गवळ्याला दुसरं, प्रियकराची वाट बघणारीला तिसरं. ग्राइस आणि मम्मट यांच्यात नऊशे वर्षांचं अंतर आहे आणि दोघं एकाच गोष्टीपाशी उभे आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे: वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ (अभिधा, लक्षणा, व्यंजना यांनी मिळणारे अर्थ) किंवा आशय, निर्देश, सूचितार्थ ही अर्थाची खानेसुमारी नाही. एकाच बोलण्याला विचारायचे हे वेगवेगळे प्रश्न आहेत. तुमच्या कामाच्या, घरच्या बोलण्यातली उदाहरणं आणा. पुस्तकातली नकोत.

---

निफाडचा बागायतदार

ताई, लेख दोनदा वाचला. आमच्या बागेतले शब्द देतो, काय करायचं ते तुम्ही करा.

आम्ही काडीवर डोळे मोजून छाटणी करतो. छाटणीनंतर पेस्ट लावतो, मग डोळे फुटतात. सगळे डोळे एकसारखे फुटले की बागायतदार निवांत झोपतो. एकदा पुण्याच्या पाहुण्यांसमोर मी फोनवर आनंदानं म्हणालो, "सगळे डोळे फुटले!" पाहुण्यांच्या मुलीचा चेहरा पांढरा पडला होता.

दुसरा शब्द 'जिरणे'. हवामान बिघडलं की घड जिरतो. म्हणजे जिथं घड यायचा तिथं नुसता बाळीसारखा ताणा येतो, घड दिसतच नाही. पाणी जिरतं, अन्न जिरतं, माणसाची रग जिरते, तसा घड जिरतो.

आणि एक शंका. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिल छाटणी, तिलाच खरड छाटणी म्हणतात, आणि ऑक्टोबर छाटणी, म्हणजे फळछाटणी. माझी ऑक्टोबर छाटणी बऱ्याचदा सप्टेंबरातच होते. तरी घरात, मजुरांत, औषधाच्या दुकानात सगळे ऑक्टोबर छाटणीच म्हणतात. हे चुकीचं बोलणं म्हणायचं का?

---

गोदातीर

दादा, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

'डोळा' आणि 'जिरणे' ही *अनेकार्थते*ची उदाहरणं. एकच शब्द, अर्थ अनेक, पण त्या अर्थांमध्ये धागा दिसतो. काडीवरचा डोळा दिसायला डोळ्यासारखा, बटाट्यालाही तसाच असतो. 'जिरणे'त सगळीकडे एकच हालचाल आहे: जे वर, बाहेर, दिसण्यात होतं किंवा यायला हवं होतं, ते आत मुरून नाहीसं होतं. रग जिरते तेव्हाही ती आत जाते. याउलट 'कर' घ्या. कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारला भरायचा पैसा, आणि 'तू कर' हे क्रियापद. आज मराठी बोलणाऱ्याच्या मनात हातामधून घरपट्टीकडे जायला वाट नाही. एकाच आवाजाचे ते वेगळे शब्द म्हणायचे. कोशकार अनेकार्थी शब्द एकाच नोंदीत १, २, ३ असे आकडे घालून देतात आणि समान उच्चाराचे शब्द वेगवेगळ्या नोंदींत. सीमारेषा मात्र नेहमी स्पष्ट नसते, कोशकारांचंही त्यावर एकमत होत नाही.

एक चाचणी सांगते. दोन अर्थ एका वाक्यात एकाच शब्दाला जुंपून बघायचे. "त्याला नोकरी आणि ठेच एकदमच लागली." कानाला खटकतं, म्हणजे 'लागणे'चे ते दोन अर्थ बोलणाऱ्याच्या मनात वेगळे आहेत. "त्याला भूक आणि तहान लागली" अजिबात खटकत नाही, तिथं अर्थ एकच. 'लागणे' हे क्रियापद तर स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. निकाल लागतो, दार लागतं, झोप लागते, वेळ लागतो, आंबा गोड लागतो, पोर रडू लागतं, जावं लागतं. शेवटच्या दोनांत तर शब्दाचा मूळ अर्थ झिजून तो व्याकरणाच्या कामाला जुंपलाय.

ऑक्टोबर छाटणी चूक नाही. शब्दगटाचा अर्थ त्याच्या घटकांवरून आणि ते कसे जोडलेत त्यावरून निघतो, हा अर्थविचाराचा एक पायाच आहे. त्यामुळे तर आपण आयुष्यात कधी न ऐकलेलं वाक्यही समजतो. पण काही शब्दगट नाव बनतात, आणि नाव झालं की घटकांचा हिशेब सैल होतो. एक विचारते: सटाण्याकडे काही जण जुलैतच फळछाटणी घेतात ना? तिला काय म्हणतात?

---

तर्कदीपिका

मॅडम, मांडणी आवडली, पण मुख्य उदाहरणाबद्दल मला हरकत आहे आणि ती नोंदवायलाच हवी.

'गङ्गायाम्' ही सप्तमी आहे, तिचा सरळ अर्थ 'गंगेत'. म्हणून तिथं मुख्यार्थाला बाध येतो. मराठीत तुम्ही 'गंगेवर' म्हणताय, 'गंगेत' नाही. आपल्या 'वर'ला 'च्या काठाशी' हा अर्थ आधीपासूनच आहे. नदीवर धुणं धुवायला जातात, विहिरीवर पाण्याला जातात. कुणी पाण्याच्या पृष्ठभागावर उभं राहत नाही आणि ऐकणारा क्षणभरही अडखळत नाही. बाध नाही तर लक्षणा कुठली? ही साधी अभिधा आहे, 'वर' या शब्दाची.

दुसरं, संस्कृत परंपरेचं नाव घेतलंच आहे तर तिथली वाक्यार्थाची चर्चाही यायला हवी. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या ग्रंथात वाक्याचा अर्थ लागायला तीन अटी सांगितल्या आहेत: आकांक्षा, योग्यता, सन्निधी. 'गाय घोडा माणूस हत्ती' यात कोणताच शब्द दुसऱ्याची वाट बघत नाही, आकांक्षा नाही. 'विस्तवानं शिंपतो' यात व्याकरण बिनचूक, पण विस्तव शिंपडायची वस्तू नव्हे, योग्यता नाही. आणि 'गाय' आत्ता म्हणून 'आण' प्रहरभरानं म्हटलं तर सन्निधी नाही. नोम चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञानं १९५७ साली 'बिनरंगी हिरव्या कल्पना संतापून झोपतात' अशा धर्तीचं वाक्य देऊन व्याकरणशुद्धता आणि अर्थपूर्णता वेगळ्या असतात हे दाखवलं. योग्यतेच्या चर्चेत ती वाट आधीच पडलेली होती.

---

गोदातीर

तर्कदीपिका, हरकत मोलाची आहे. 'वर'बद्दल तुमचं बरोबर आहे, 'नदीवर' म्हणताना कुणी अडखळत नाही. पण माझा जोर 'वर'वर नाहीच, 'गंगा'वर आहे. "गंगेवर गेलो होतो" असं सांगणारा माणूस नारोशंकराच्या देवळात गेलेला असू शकतो, पटांगणावर सभा ऐकायला गेलेला असू शकतो, पाण्याकडे त्यानं बघितलंही नसेल. 'नदीवर गेलो होतो' म्हणून हा अर्थ निघत नाही. 'गंगेवरचा भाजीवाला', 'गंगेवरचं दुकान' यांत गंगा म्हणजे तो सगळा परिसर. नदीच्या नावानं तिच्या लगतचा मुलूख दाखवणं, हे नातं लक्षणेचंच. फरक इतकाच की ती आता रुळली आहे. तुमच्या परंपरेत त्याला नाव आहेच, निरूढ लक्षणा. 'कुशल' म्हणजे मुळात कुश गवत नीट कापून आणणारा. आज ते गवत कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

योग्यतेबद्दल एक सावधगिरी. न्यायवाले विचारतात, ऐकणाऱ्याला वाक्यापासून ज्ञान कसं होतं. चॉम्स्की विचारतो, व्याकरणाची यंत्रणा अर्थापासून वेगळी काढता येते का. दोन्हीकडे तशाच धाटणीचं वाक्य दिसतं म्हणून प्रश्नही तोच होता असं मी म्हणणार नाही. 'हे आपल्याकडे आधीच होतं' या वाक्यानं आपल्या परंपरेचा मान वाढत नाही. तिनं स्वतःचा प्रश्न किती बारकाईनं धसास लावला हे दाखवल्यानं वाढतो.

---

पंचवटीचा जुना

'गंगेवर' वरून एक सांगतो. आमच्या आळीत कुणी हळू आवाजात म्हणालं, "त्यांच्याकडे उद्या गंगेवर जायचंय," तर पुढं प्रश्न विचारायचा नसतो. दहावा आहे हे कळतं. मोठ्यानं, पिशवी हलवत म्हटलं तर भाजी. शब्द तेच, आवाज वेगळा. हे कशात बसतं?

---

गोदातीर

काका, हे व्यंजनेत बसतं, आणि मम्मटानं व्यंजनेला मदत करणाऱ्या गोष्टींच्या यादीत बोलणारा, ऐकणारा, प्रसंग, स्थळ, वेळ आणि स्वराची ढब, सगळं घेतलंय. अशुभाचं नाव टाळायची आपली रीतही इथं आहे. म्हणून तर आपण दुकान 'बंद' करत नाही, 'वाढवतो'. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणतो. आणि निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो.

---

कोडवाला_अंबड

मी मराठी बाजारभाव सांगणाऱ्या बॉटवर काम करतो, त्यामुळे हा सगळा विषय माझ्या रोजच्या डोकेदुखीचा आहे. "आज कांदा दोनशेनं उतरला" हे वाक्य यंत्राला समजावणं म्हणजे काय, हे करून बघा. कांदा कुठून उतरला? ट्रॅक्टरवरून? भाव म्हणायच्या जागी माल म्हणायचा, ही मॅडमच्या गंगेच्याच जातीची लक्षणा.

आमच्या कामात तीन गोष्टी काटेकोर वेगळ्या ठेवाव्या लागतात. सूचितार्थ वर आलाच आहे. उरलेल्या दोन अशा.

एक, *अटळ निष्कर्ष*. "पाणी मारुतीच्या छातीपर्यंत आहे" हे खरं असेल तर "कमरेपर्यंत आहे" हे खरं असलंच पाहिजे. इथं माघार घेता येत नाही. "छातीपर्यंत आहे पण कमरेपर्यंत नाही" म्हटलं की वाक्य कोसळलं. सूचितार्थातून मात्र माघार घेता येते: "कमरेला लागलंय, कमरेला कसलं, छातीपर्यंत गेलंय!" हे आपण सहज बोलतो आणि कुणाला विसंगत वाटत नाही. दोन्ही वेगळे ओळखायची ही सगळ्यात भरवशाची चाचणी.

दोन, *पूर्वगृहीत*. "यंदा परत गारपीट झाली" या वाक्यानं आधीही एकदा झाली होती हे गृहीत धरलंय. आता वाक्य नकारार्थी करा: "यंदा परत गारपीट झाली नाही." आधीची गारपीट तशीच उभी. प्रश्न करा: "यंदा परत गारपीट झाली का?" तरी उभीच. नकार आणि प्रश्न यांतून जे सुखरूप पार पडतं ते पूर्वगृहीत. एखाद्या अर्जात "तुमचं पुन्हा नुकसान झालं का?" असं विचारलं असेल, तर हो म्हणा की नाही म्हणा, आधीच्या नुकसानावर तुमची सही झालेली असते. असले प्रश्न लिहिणाऱ्यांनी हे शिकायलाच हवं असं माझं मत आहे.

आणि आपला 'च'. एवढंसं अक्षर पण काय ताकद:

मी कांदाच विकला. (दुसरं काही नाही.)
मीच कांदा विकला. (दुसऱ्या कुणी नाही.)
मी कांदा विकलाच. (थांबा म्हणत होते, तरी.)

पहिल्यात मी टोमॅटोही विकले असतील तर वाक्य चक्क खोटं ठरतं. म्हणजे हा नुसता ठसका नाही, 'च' वाक्याच्या खरेखोटेपणात हात घालतो. तिसऱ्यातला 'च' तसा नाही. तो समोरच्याच्या अपेक्षेला उत्तर देतो.

---

मालेगावची लेक

नात्यांचे शब्द कुणीच आणले नाहीत म्हणून लिहिते. जाऊ म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. एवढं लांबलचक नातं एका शब्दात. आमच्या माहेरी अहिराणीत मोठ्या दिराला जेठ म्हणतात आणि धाकट्याला देर. सासरी नाशिकला आले तर दोघंही दीरच. तुमच्या सोस्यूरचं कांद्याचं जे आहे, तेच हे, नाही का?

दुसरं: सासरी पहिल्यांदा जावेनं "आम्ही गडावर निघालोय" असं सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत राहिले. पुढच्या वर्षी "आपण गडावर निघालोय" म्हणाली, तेव्हा पिशवी भरली.

---

गोदातीर

अगदी तेच आहे. अहिराणीतल्या 'देर'ची व्याप्ती नाशिकच्या 'दीर'पेक्षा कमी, कारण शेजारी 'जेठ' बसलाय. अशा नात्यांच्या शब्दांचे घटक पाडून बघतात: पिढी कोणती, नातं कुणाकडून, रक्ताचं की लग्नाचं, पुरुष की स्त्री, थोरला की धाकटा. आत्या, मावशी, काकू, मामी यांत आपली भाषा 'कुणाकडून' आणि 'रक्ताचं की लग्नाचं' हे दोन्ही घटक राखते, म्हणून चार शब्द लागतात.

'आम्ही' आणि 'आपण' मधला फरक ऐकणाऱ्याला धरलं की वगळलं एवढाच. तो सांगायला तुमच्या पिशवीपेक्षा नेमकं उदाहरण मला देता आलं नसतं.

---

सेट_२०२६

मॅडम, सराव परीक्षेतला प्रश्न. 'सासू'चा विरुद्धार्थी शब्द 'सासरा' की 'सून'? आमच्या गटात यावर भांडण चाललंय.

---

गोदातीर

दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि प्रश्न अर्धवट आहे. विरुद्धार्थ म्हणजे बाकी सगळे घटक तसेच ठेवून एकच घटक उलटवणं. लिंग उलटवलं तर सासरा. नात्याचं दुसरं टोक धरलं तर सून. 'विकणे–विकत घेणे', 'गुरू–शिष्य' ही जोडी सासू-सुनेच्या जातीची: एक आहे म्हणजे दुसरा असतोच.

परीक्षेसाठी आणखी एक भेद लक्षात ठेव. 'जिवंत–मृत' यांत मधली जागा नाही. एक नाही म्हणजे दुसरा. 'उंच–बुटका' यांत मधे भरपूर जागा आहे. "उंच नाही" म्हणजे बुटका असं होत नाही. 'जरा उंच', 'खूप उंच' चालतं, 'जरा मृत' चालत नाही. आणि एक गंमत: "तो किती उंच आहे?" हा प्रश्न कुणाहीबद्दल विचारता येतो. "तो किती बुटका आहे?" विचारलंस की तो बुटका आहे हे तू आधीच धरलंस. जोडीतला एक शब्द अख्ख्या मापाचं नाव होतो, दुसरा होत नाही. 'लांब–आखूड', 'खोल–उथळ' यांच्यावर तपासून बघ.

---

मेनरोडवरची

एका दुकानाच्या पाटीवर 'लहान मुलांचे कपडे' असं आहे. लहान कोण, मुलं की कपडे? आणि 'जुन्या पुस्तकांचे दुकान' वाचताना असा प्रश्न का पडत नाही?

---

गोदातीर

सुंदर प्रश्न. 'जुना' हे आकारान्त विशेषण आहे, ते ज्या नामाला चिकटतं त्याच्याप्रमाणे बदलतं. पुस्तकं जुनी असतील तर 'जुन्या पुस्तकांचे दुकान'. दुकानच जुनं असेल तर 'जुने पुस्तकांचे दुकान'. सामान्यरूपानं नातं उघड केलं. 'लहान' बदलतच नाही, म्हणून दोन्ही बांधण्या एकाच रूपात झाकल्या जातात. ही *रचनेची संदिग्धता*. यात कोणताही शब्द अनेकार्थी नाही, शब्दांची जोडणी दुहेरी आहे. पाटीवर आपल्याला अडचण येत नाही ती जगाच्या माहितीमुळे, भाषेमुळे नव्हे.

"सगळ्या पाहुण्यांनी एक झाड लावलं" हेही बघ. सगळ्यांनी मिळून एक, की प्रत्येकानं एक? वाक्य दोन्ही बाजूंना उघडं आहे. 'एकेक झाड' म्हटलं की दुसरी वाट बंद. शब्द दुप्पट करून वाटणी दाखवायची ही सोय आपल्याकडे इतकी हाताशी आहे की आपण ती वापरतोय हेही लक्षात येत नाही.

---

निफाडचा बागायतदार

ताई, उत्तर द्यायला उशीर झाला, बागेत काम होतं. सटाण्याकडच्या मेहुण्याला विचारलं. जुलैतल्या छाटणीला तिकडं अर्ली छाटणी म्हणतात, ऑक्टोबर छाटणी कुणी म्हणत नाही. सप्टेंबरातली मात्र आमची ऑक्टोबरच.

---

तर्कदीपिका

आमच्याकडे शब्दांचे तीन कप्पे: यौगिक, म्हणजे घटकांच्या योगावरूनच अर्थ कळतो तो; रूढ, म्हणजे घटक न बघता वहिवाटीनं अर्थ ठरतो तो; आणि योगरूढ, म्हणजे दोन्ही मिळून. मग हा शब्द निव्वळ रूढ नाही, नाही तर जुलैतलीही ऑक्टोबर छाटणीच म्हटली गेली असती. आणि 'पंकज'सारखा योगरूढही नाही. पंकजात 'चिखलात जन्मणारा' हा योग कमळाला पुरता लागू पडतो, रूढी त्याला फक्त कमळापुरता मर्यादित करते. इथं सप्टेंबरात योग मोडतो, तरी नाव टिकतं; जुलैपर्यंत ताणलं की नाव तुटतं.

---

गोदातीर

हो, आणि याला तुमच्या तीन कप्प्यांपैकी एकही पुरत नाही असं मला वाटतं. १९७०च्या दशकात एलिनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं की आपल्या मनातल्या वर्गांना कुंपण नसतं, गाभा असतो. चिमणी चटकन पक्षी वाटते, शहामृगाला विचार करावा लागतो. ऑक्टोबर छाटणीचा गाभा ऑक्टोबरातली फळछाटणी. सप्टेंबरातली त्याच्या जवळ, म्हणून नाव पोचतं; जुलैतली लांब पडते, आणि तिथं 'अर्ली' हा शेजारी जागा अडवून बसलाय. दादा, अजून एक विचारून ठेवा: ऑगस्टच्या अखेरीस छाटणी घेणारे काय म्हणतात? कडा नेमकी तिथंच कुठंतरी असणार.